संत्रं, मोसंबी, लिंबू, पपनस: आत काय असतं आणि त्यातलं अंगी किती लागतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न फळवाल्याच्या गाडीपाशी, दवाखान्याच्या बाकावर आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कायम ऐकू येतात. रोजच्या गोळ्या चालू असतील तर पपनस आणि औषधांबद्दलचा प्रश्न आधी वाचा. बाकीचे सवडीने वाचले तरी चालतील.

लिंबूवर्गीय फळं म्हणजे नेमकी कोणती? आवळा त्यात येतो का?

आवळा येत नाही. तो आंबट आहे आणि त्यात क जीवनसत्त्व, म्हणजेच व्हिटॅमिन सी, भरपूर आहे, पण त्याचं कुळ वेगळं. चिंच, कोकम, अननस हेही यात नाहीत. संत्रं, मोसंबी, कागदी लिंबू, ईडलिंबू, पपनस, महाळुंग, ग्रेपफ्रूट ही या घराण्यातली मंडळी. यातली मूळची जुनी फळं मोजकीच आहेत. महाळुंग, पपनस आणि संत्र्याचा गट ही त्यांतली तीन मुख्य. आज बाजारात दिसणारी बाकीची बहुतेक फळं यांच्या संकरातून आली. माल्टासारखं गोड संत्रं हे पपनस आणि संत्रा गटाचं अपत्य. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्र्याचा संकर, तोही कॅरिबियन बेटांवर अठराव्या शतकात झालेला. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे ते महाळुंग, म्हणजे या घराण्यातल्या मूळ पुरुषांपैकी एक. ही वंशावळ नुसती गंमत नाही. पपनसाचे गुण ग्रेपफ्रूटमध्ये का उतरले, हे पुढे औषधांच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

व्हिटॅमिन सी सोडून यात आहे तरी काय?

एक संत्रं हातात घेऊन सोलायला लागा. सालीवर बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. साल दुमडली की त्या फुटतात आणि बारीक फवारा उडतो. लहानपणी तो भावंडांच्या डोळ्यांत उडवायचा उद्योग बहुतेकांनी केलेला असतो. मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवला तर ठिणग्या फुलतात. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकट्या लिमोनीनचा (limonene) असतो. फुगवलेल्या फुग्यावर हे तेल उडवलं तर फुगा फुटतो, कारण लिमोनीनमध्ये रबर विरघळतं.

सालीखालचा पांढरा मऊ थर आणि फोडींवरच्या शिरा यांत पेक्टिन हा तंतू आणि हेस्पेरिडिनसारखी फ्लॅव्होनॉइड नावाची वनस्पतींतली रसायनं असतात. रसात साखर, सायट्रिक आम्ल, सी, पोटॅशियम आणि फोलेट. केशरी रंग कॅरोटिनॉइडचा. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात कडू लिमोनॉइड. पपनस-ग्रेपफ्रूटच्या कडवटपणात नरिंजिनचा मोठा हात असतो. शिवाय काही जातींत फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं असतात, आणि या सगळ्या यादीत माणसाला खरा दणका देऊ शकतात ती हीच.

एका संत्र्याने दिवसभराचं सी भागतं का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम सी लागतं. नागपुरी संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात ते साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम असतं, मोसंबीत ४५ ते ५०. म्हणजे एका संत्र्याने निम्मं काम होतं. पेरूत मात्र १०० ग्रॅममागे २००च्या पुढे आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. सी साठी संत्रंच खायला हवं असं अजिबात नाही. पेरू बऱ्याचदा स्वस्तही पडतो, पण दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना पेरू नेणारा माणूस अजून पाहण्यात नाही.

लिंबाने स्कर्व्ही बरी होते हे कळलं कसं?

स्कर्व्ही म्हणजे सी न मिळाल्याने होणारा रोग, त्यात हिरड्यांतून रक्त येतं. जेम्स लिंड हा ब्रिटिश आरमारातला डॉक्टर. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर त्याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण घेतले आणि दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी दिलं. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. आरमाराने लिंबाचा रस सगळीकडे द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी. सरकारी काम तिथेही तसंच.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकात आरमाराने भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी कॅरिबियन बेटांवरची छोटी हिरवी लिंबं घेतली. त्यांत सी मुळातच कमी. त्यात तो रस बराच काळ साठवलेला आणि तांब्याच्या नळ्यांतून फिरलेला. तांब्याच्या सान्निध्यात सी झपाट्याने नष्ट होतं. १८७५-७६ च्या ध्रुवमोहिमेत स्कर्व्ही परत आली आणि लिंबाचा काही उपयोग नसावा असं लोकांना वाटू लागलं. सी वेगळं काढायला १९२८ उजाडलं. ते काम हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांचं, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

वरणभातावर लिंबू पिळतो, त्याने लोह अंगी लागतं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि या सगळ्या पानावरची सर्वांत कामाची गोष्ट हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे लोह येतं ते मुख्यतः डाळी, पालेभाज्या, बाजरी-नाचणी यांतून. हे लोह ज्या रूपात असतं ते आतड्याला सहज उचलता येत नाही. शिवाय धान्या-डाळींतले फायटेट नावाचे पदार्थ ते धरून ठेवतात. सी या लोहाचं रूप बदलतं आणि ते विरघळलेलं ठेवतं, त्यामुळे शोषण चांगलंच वाढतं. सायट्रिक आम्लाचीही थोडी मदत होते.

पण हिशोब नीट करू. एका कागदी लिंबातून १५ ते २० मिलिलिटर रस निघतो. त्यात सी ५ ते ९ मिलिग्रॅम. ताटात आपण घेतो ती एक फोड, म्हणजे पाव नाहीतर अर्धं लिंबू. एवढ्याने थोडा फायदा होतो, चमत्कार होत नाही. शोषणात ठळक फरक पडायला एका जेवणात २५-५० मिलिग्रॅम सी पाहिजे. त्यामुळे लिंबू पिळाच, आणि जेवण झाल्याबरोबर एक संत्रं, मोसंबी किंवा पेरूच्या चार फोडी खा. दुपारी चार वाजता खाल्लेलं संत्रं दुपारच्या डाळीच्या कामी येत नाही, दोन्ही पोटात एकाच वेळी असायला लागतात. आणि जेवणावर लगेच चहा ढोसण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला. चहातले टॅनिन लोह अडवतात. एका हाताने लिंबू पिळायचं आणि दुसऱ्या हाताने कप उचलायचा, याला काही अर्थ नाही.

लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबतच घ्यायला हवी का, असंही विचारतात. घेतली तर बिघडत नाही, पण गोळीत लोहाचं प्रमाण इतकं असतं की सीमुळे फारसा फरक पडत नाही. खरी कमाई ताटातल्या लोहावर आहे.

संत्री खाल्ली की सर्दी होते की जाते?

दोन्ही नाही. थंडीच्या तोंडावर सर्दीही येते आणि संत्रीही येतात, म्हणून संत्र्यावर आळ. दुसऱ्या टोकाला, सीच्या मोठ्या डोसाने सर्दी पळते ही कल्पना १९७०च्या सुमारास लायनस पॉलिंग यांनी गाजवली. माणूस दोन नोबेलांचा धनी, त्यामुळे लोकांनी ऐकलं. नंतर झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर निघालं ते असं: रोज सीच्या गोळ्या घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी तितक्याच वेळा होते. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी काळ टिकते. सात दिवसांच्या सर्दीत हे अर्धा ते एक दिवस. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशांना मात्र खरा फायदा दिसला. आणि सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू करून खात्रीचा उपयोग दिसलेला नाही.

संत्र्याच्या पांढऱ्या शिरा काढून टाकाव्यात का?

टाकू नका. हेस्पेरिडिन तिथेच जास्त असतं. ते थेट शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला चिकटलेली साखर तोडतात, मगच ते रक्तात जातं. त्यामुळे एकच संत्रं दोघांनी अर्धं-अर्धं खाल्लं तरी दोघांना मिळणारं हेस्पेरिडिन सारखं नसतं. जिवाणूंची वस्ती प्रत्येकाची वेगळी.

सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ मध्ये लिंबातल्या अशा पदार्थांना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं, रक्तवाहिन्यांची गळती थांबवणारं म्हणून. पुढे ते नाव मागे पडलं, कारण हे न मिळाल्याने कुठला रोग होतो असं दाखवता आलं नाही. पण रक्तवाहिन्यांचा धागा सुटला नाही. मूळव्याध किंवा पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी डॉक्टर जी डायोस्मिन-हेस्पेरिडिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी देतात, तिच्यात ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं. फ्रान्समधल्या एका छोट्या चाचणीत वजन जास्त असलेल्या २४ पुरुषांना रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस चार आठवडे दिला, तर खालचा रक्तदाब थोडा उतरला. चोवीस माणसांवरून बीपीची गोळी सोडायची नसते, हे वेगळं सांगायला नको. शिरांसकट खा, एवढाच यातून निघणारा सल्ला.

मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू का होतो? खराब होतो का?

खराब होत नाही. पेशंटसाठी सकाळी थर्मासमध्ये भरून नेलेला रस दुपारी तोंडात घालवत नाही, तेव्हा ज्यूसवाल्याने शिळी फळं घातली असा संशय घेतला जातो. बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो.

हा कडूपणा लिमोनिनचा (limonin). सालीच्या तेलातलं लिमोनीन वेगळं, फक्त नाव मिळतंजुळतं. अखंड फळात लिमोनिन जवळपास नसतंच. असतो तो त्याचा पूर्वज, आणि तो कडू लागत नाही. फळ पिळलं, पेशी फुटल्या की हा पूर्वज रसातल्या आम्लात मिसळतो आणि तासा-दोन तासांत त्याचं लिमोनिन होतं. रसाच्या दहा लाख भागांत सहा भाग लिमोनिन झालं तरी जिभेला कळतं. बिया आणि पापुद्रे मिक्सरमध्ये भरडले तर काम आणखी लवकर होतं. म्हणून बिया काढायच्या, हाताच्या यंत्रावर हलकं पिळायचं आणि लगेच प्यायचं. झाडावर पूर्ण पिकू दिलेल्या फळात त्या पूर्वजाला साखर जोडली जाते आणि मग तो कडू होण्याच्या भानगडीत पडत नाही. हंगामाच्या सुरुवातीच्या मोसंबीपेक्षा शेवटच्या मोसंबीचा रस कमी कडवटतो तो यामुळे. रस आणि पेयं बनवणाऱ्या कारखान्यांची ही जुनी डोकेदुखी आहे, आणि नागपुरी संत्र्याचा डबाबंद रस फारसा का दिसत नाही याचं एक कारणही.

लिमोनिन विषारी नाही. कडुनिंबाचा कडूपणा ज्या पदार्थांमुळे येतो, तेही याच लिमोनॉइड कुळातले.

बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. कुठलं फळ टाळू?

ग्रेपफ्रूट आणि पपनस. हे उत्तर लांबणार आहे, पण पूर्ण वाचा.

१९८९ च्या सुमारास कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, दारू न घेतलेल्यांतही. १९९१ मध्ये त्यांनी छापलं तेव्हा चित्र स्पष्ट होतं: साध्या पाण्याऐवजी एक ग्लास ग्रेपफ्रूट रसासोबत गोळी घेतली तर रक्तात पोचणारं औषध सरासरी जवळजवळ तिप्पट होतं.

कारण असं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. आपण गिळलेल्या कित्येक औषधांचा बराच भाग ते रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. औषधाचा डोस ठरवताना ही तूट धरलेली असते. फ्युरानोकुमारिन, त्यातही बर्गामोटिन आणि त्याचा एक भाऊबंद, या विकराला कायमचं निकामी करतात. शरीराने नवं विकर तयार करेपर्यंत एक ते तीन दिवस जातात. त्यामुळे 'सकाळी फळ खातो, रात्री गोळी घेतो' ही पळवाट चालत नाही. हा परिणाम व्हायला एक अख्खं फळ किंवा एक ग्लास रसही पुरतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत सिम्वास्टॅटिनवर परिणाम मोठा, अटोरव्हास्टॅटिनवर मध्यम, रोसुव्हास्टॅटिनवर नगण्य. रक्तदाबाच्या गोळ्यांत फेलोडिपिन आणि निफेडिपिन सांभाळायच्या. आपल्याकडे सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनवर फरक किरकोळ पडतो. स्टॅटिन रक्तात फार वाढलं तर स्नायू दुखतात, क्वचित स्नायू विरघळून किडनीवर ताण येतो. किडनी बदललेल्यांना दिली जाणारी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांच्या बाबतीत तर खेळच नको. अशी ८५ हून जास्त औषधं आज माहीत आहेत.

आपल्या बाजारात ग्रेपफ्रूट क्वचित दिसतं, म्हणून हा विषय परदेशातला समजला जातो. तसं नाही. पपनस हा ग्रेपफ्रूटचा जन्मदाता. पपनसाच्या रसाने सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढल्याचं प्रयोगात दिसलं आहे. गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघरी पपनस असतं, गोव्यात ते माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीला, टांगतात आणि नंतर सोलून मीठ-साखर लावून खातात. आजोबांच्या गोळ्या वर्षभर सुरळीत चाललेल्या असतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात रोज पपनस होतं. माटोळीला खुशाल टांगा, आजोबांना मात्र आधी गोळ्यांची नावं फार्मासिस्टला विचारू द्या. मुलांकडे अमेरिकेला किंवा लंडनला जाणाऱ्या आईवडिलांनाही हेच. तिथे नाश्त्याच्या टेबलावर ग्रेपफ्रूटचा रस सहज ओतला जातो आणि पर्समध्ये सहा महिन्यांच्या गोळ्या असतात.

मग संत्रं आणि मोसंबी औषधांसोबत चालतात?

ही दोन्ही फळं रोजच्या खाण्यात या कारणासाठी टाळावी लागत नाहीत. मार्मलेडचं कडू संत्रं मात्र पपनसाच्या बाजूचं. दोन वेगळ्या गोष्टी लक्षात ठेवा. ॲलर्जीची फेक्सोफेनाडिन गोळी फळांच्या रसासोबत घेतली तर उलटा प्रकार होतो, औषध कमी शोषलं जातं. ती पाण्यासोबतच घ्या. दुसरं, ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड आणि लिंबूपाणी एकत्र घेतलं तर सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं. किडनी कमजोर असलेल्यांनी हे टाळायलाच हवं. त्यांना पोटॅशियमचं पथ्य सांगितलं असेल तर मोसंबीचा रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लिंबू सरबताने मुतखडा विरघळतो का?

झालेला कॅल्शियमचा खडा सरबताने विरघळत नाही. नवा होण्याची शक्यता कमी होऊ शकते. लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे ते ऑक्झलेटशी जुळून खडा बनायला कमी उरतं. सायट्रेट शरीरात जळल्यावर लघवी थोडी अल्कलीही होते, ज्याचा यूरिक ॲसिडच्या खड्यांत उपयोग होतो. अडचण अशी की यासाठी रोज दोन-तीन लिंबांहून जास्त रस वर्षानुवर्षं घ्यावा लागतो आणि लोकांचं पोट त्याला कंटाळतं. इटलीत झालेल्या एका चाचणीत रोज दोन वेळा ६० मिलिलिटर रस दिला होता, तर दिवस जातील तसे लोक तो घेईनासे झाले. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खड्यांचं मुख्य कारण म्हणजे पाणी कमी पडणं. सरबताच्या निमित्ताने पोटात जाणारं पाणी हाच त्यातला मोठा फायदा, आणि त्यात साखर-मीठ जितकं कमी तितकं बरं.

मधुमेह आहे. रस घेऊ की फळ खाऊ?

फळ. एका ग्लास रसाला तीन-चार संत्री लागतात आणि २०-२५ ग्रॅम साखर दोन मिनिटांत पोटात जाते. तंतू गाळणीत राहतो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मधातल्या साखरेच्याच पंगतीत धरते. एक अख्खं संत्रं बहुतेक मधुमेहींना चालतं.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी जळते?

नाही. ज्यांचं वजन उतरतं त्यांनी बहुधा त्याच वेळी दुधा-साखरेचा चहा सोडलेला असतो. 'लिंबू शरीर अल्कली करतं' यातही लघवीपुरतंच तथ्य आहे. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, त्यांना लिंबाची मदत लागत नाही. आणि हे पाणी तांब्याच्या लोट्यात किंवा बाटलीत ठेवू नका. आम्लाने तांबं पाण्यात उतरतं, मळमळ आणि पोटदुखी होते, शिवाय सीची वाट लागते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट ठेवायचं नाही हे आजीला माहीत होतं, तांब्याच्या बाटल्या विकणारे ते सांगत नाहीत.

लिंबाने दात खराब होतात?

लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच असतो. दातांचं इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. जेवणात पिळलेल्या लिंबाने काही होत नाही. फोड चोखत बसणं किंवा दिवसभर लिंबूपाण्याचे घोट घेणं वाईट. आंबट खाल्ल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रात्री झोपताना ही फळं टाळलेली बरी.

दुधावर संत्रं खाल्लं तर पोटात दूध फाटतं?

पोटात दूध एरवीही फाटतंच. जठरातलं आम्ल लिंबापेक्षा कडक असतं. कुणाला त्रास होत असेल तर त्याने खाऊ नये, बाकीच्यांनी घाबरू नये.

चेहऱ्यावर लिंबू चोळू का?

नको. फ्युरानोकुमारिन इथेही आडवी येतात. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की ती उन्हातले अतिनील किरण शोषतात आणि त्वचा भाजते. फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात. डाग घालवायला लावलेलं लिंबू नवे डाग देऊन जातं. उन्हात उभं राहून सरबतासाठी पाच-पंचवीस लिंबं पिळली असतील तर हात साबणाने धुवा.

'लिंबू केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी' असा मेसेज आलाय...

तो गेली कित्येक वर्षं फिरतोय आणि खोटा आहे. लिमोनॉइड आणि सालीतलं नोबिलेटिन यांनी काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी मरतात हे खरं. बशीतल्या पेशी मारणारे पदार्थ ढीगभर आहेत, आणि माणसाच्या रक्तात तेवढं प्रमाण फळ खाऊन पोचत नाही. जास्त गंभीर गोष्ट अशी की निलोटिनिब, लॅपॅटिनिब यांसारख्या कॅन्सरच्या गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे. मेसेज वाचून 'सगळीच आंबट फळं' सुरू करणारा पेशंट स्वतःचं नुकसान करून घेऊ शकतो.

केशरी संत्रं जास्त पौष्टिक की हिरवट?

सालीच्या रंगावर जाऊ नका. सालीतलं हिरवं हरितद्रव्य जायला रात्री गार लागतात. उबदार हवेत पिकलेलं फळ आतून गोड आणि बाहेरून हिरवं राहू शकतं, मोसंबी तर सर्रास. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला फुललेली, फळं थंडीतून जाऊन फेब्रुवारी-मार्चला येतात. अंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी फुललेली, त्याआधी, दिवाळीच्या मागेपुढे. गराचा केशरीपणा मात्र मोलाचा आहे. त्यातल्या बीटा-क्रिप्टोझँथिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि यात संत्रं मोसंबीच्या बरंच पुढे आहे.

सीच्या गोळ्या रोज चघळल्या तर?

चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं पट्टी संपवतात. शरीर फार साठा करत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या पुढे जुलाब होतात. सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, आणि सीच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत मुतखड्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. फळांनी ही वेळ येत नाही.

साली टाकून देऊ की वापरू?

बाजारातल्या फळांच्या सालीवर मेण आणि फवारणीचा अंश असू शकतो. खायची असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा, पांढरा थर कमी ठेवा आणि किसून थोडीच घाला. उटण्यासाठी वाळवायची तर कडक होईपर्यंत वाळवा, ओलसर राहिली तर बुरशी धरते. पूड जुनी झाली असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. सालीच्या तेलातल्या लिमोनीनचा हवेशी संबंध येत गेला की त्यापासून ॲलर्जी देणारे पदार्थ बनतात, आणि ते दिवाळीच्या पहाटे कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात कळलेलं बरं.